जखमेची पेन्शन उत्पन्नात धरावी काय?



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा आणि हुमणी यांच्याविषयी लिहितो. या अंकात पाचट कुजविण्यावर लिहायचे ठरले होते, ते पुढच्या अंकात देईन. या खेपेला विषय शेतीचा नाही, पण शेतकऱ्याचा आहे. ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना गेल्या दोन-तीन हंगामांत एक प्रश्न मला अनेक ठिकाणी विचारला गेला. विचारणारे सगळे आपले सभासद आणि सगळे फौजेतून जखमी होऊन परत आलेले. प्रश्न असा, की अपंगत्वाबद्दल सरकार जी पेन्शन देते तिच्यामुळे सरकारच्याच दुसऱ्या योजना बंद का होतात? मी कृषी पदविकेचा माणूस, कायद्याचा नव्हे. तरी नियम मिळवून वाचले, कागद जुळवून पाहिले आणि माझे एक मत झाले. ते इथे मांडतो. मत माझे आहे, कारखान्याचे नव्हे.

आपल्या भागात ऊस आणि पलटण ही दोन्ही एकाच घरात नांदतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. थोरला भरतीला गेला, धाकट्याने शेती पाहिली, अशी घरे आपल्या प्रत्येक गटात सापडतील. पलटणीतून परत आलेल्या माणसाला, तो शिपाई असो की हवालदार, गाव 'मेजर'च म्हणते. त्यातले बहुतेक धडधाकट परत येतात. काही येत नाहीत. आणि काही पाय, डोळा, कान किंवा पाठीचा कणा गमावून येतात. हा लेख या तिसऱ्या मंडळींविषयी आहे.

प्रथम ही पेन्शन कशी बनते ते पाहू, कारण सगळा घोळ इथेच आहे. अपंगत्व पेन्शनचे दोन भाग असतात. एक सेवा घटक, म्हणजे नोकरी केली त्याबद्दलचा. दुसरा अपंगत्व घटक, म्हणजे नोकरीत शरीराचे जे नुकसान झाले त्याबद्दलचा. अपंगत्व लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे लागते आणि मेडिकल बोर्डाने ते किमान २० टक्के ठरवावे लागते. शंभर टक्के अपंगत्व असेल तर अपंगत्व घटक शेवटच्या पगाराच्या ३० टक्के धरतात आणि अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात रक्कम कमी होते. त्यातही टप्पे आहेत. पन्नासच्या आतले अपंगत्व पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तरच्या मधले पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर. ही सवलत १९९६ पासून बोर्ड आउट झालेल्यांना होती. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ च्या निकालात ती मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या अपंग जवानांनाही लागू असल्याचे सांगितले.

हिशेब समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा जवानाचा शेवटचा पगार ३०,००० रुपये धरला. सेवा घटक साधारण निम्मा, म्हणजे १५,०००. अपंगत्व ५० टक्के असेल तर अपंगत्व घटक ४,५००. दोन्ही मिळून १९,५००, आणि त्यावर महागाई भत्ता. बँकेच्या पासबुकात मात्र एकच आकडा येतो. कुठला रुपया चाकरीचा आणि कुठला पायाचा, हे पासबुक सांगत नाही. तहसीलमधला कारकूनही विचारत नाही. तो पासबुक उघडतो, बाराने गुणतो आणि 'वार्षिक उत्पन्न' या रकान्यात आकडा लिहितो.

आता याच पैशाकडे आयकर खाते कसे पाहते ते बघा. अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्या, म्हणजे बोर्ड आउट झालेल्या जवानाच्या पेन्शनचे दोन्ही घटक करमुक्त आहेत. जुलै २००१ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने तसे स्पष्ट केले होते. जून २०१९ मध्ये मंडळाने नवे परिपत्रक काढून ही सवलत फक्त बोर्ड आउट झालेल्यांना आहे, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांना नाही, असे म्हटले आणि त्यावरून वाद उभा राहून तो सुप्रीम कोर्टात गेला. पण बोर्ड आउट झालेल्या जवानाची सवलत त्या परिपत्रकानेही काढली नाही. म्हणजे कर वसूल करणारे खाते, जे एक पैसाही सहज सोडत नाही, तेसुद्धा मानते की हा पैसा कमाईचा नाही, नुकसानीचा आहे. आणि शेतकऱ्याला मदत वाटणारी खाती तोच पैसा कमाई म्हणून मोजतात. एकाच सरकारची ही दोन दप्तरे आहेत.

आमच्या एका गटातल्या मेजरांनी हे माझ्यापेक्षा नेमके सांगितले. अकरा वर्षे नोकरी झाल्यावर डोंगराळ भागात ड्युटीवर असताना गाडी दरीत गेली, डावा पाय गुडघ्याखाली गेला, बोर्ड आउट झाले. तीस गुंठे ऊस आहे, खोडवा चांगला राखतात. पीएम-किसानचे तीन हप्ते जमा झाले आणि नंतर नोटीस आली, की तुम्ही अपात्र आहात, सहा हजार परत करा. खोडव्याच्या बिलातून त्यांनी ते भरले. तक्रार केली नाही, फक्त मला म्हणाले, "सायेब, इन्कम टॅक्सवाले म्हणत्यात हे तुजं उत्पन्नच न्हाई. तहशीलवाले म्हणत्यात हेच तुजं उत्पन्न. मग माजा पाय नेमका कुनाच्या खात्यात जमा झाला?" मला उत्तर देता आले नाही.

पीएम-किसानचा नियम काय आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरली गेली. वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. कोणाला मिळणार नाही याची यादी दिलेली आहे. मागच्या वर्षी आयकर भरलेला माणूस त्या यादीत आहे. दरमहा १०,००० किंवा अधिक पेन्शन घेणारा निवृत्त माणूसही आहे. अपवाद फक्त चतुर्थ श्रेणी, ड गट आणि मल्टी टास्किंग स्टाफ यांचा. माजी सैनिकाला त्या यादीत वेगळी सवलत नाही, अपंग माजी सैनिकालाही नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. यातला एक जरी यादीत सापडला तरी सारे कुटुंब बाद. तेव्हा सातबारा बायकोच्या नावावर असला तरी उपयोग होत नाही.

म्हणजे गंमत पाहा. आपले मेजर आयकराच्या कलमात सापडत नाहीत, कारण त्यांची पेन्शन करमुक्त आहे. त्याच यादीतल्या पेन्शनच्या कलमात मात्र सापडतात, आणि तेही त्याच पैशामुळे. एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेला चपराशी, त्याची पेन्शन दहा हजारांच्या वर असली तरी, पात्र राहतो. त्याला मिळते याबद्दल माझे काही म्हणणे नाही, त्याला मिळायलाच हवे. पण शिपायाच्या हुद्द्यावर पाय गमावलेल्या माणसाला तोच नियम का नसावा, याचे कारण मला कुठल्या कागदात सापडले नाही.

पुन्हा ही दहा हजारांची रेघ कुठे ओढली आहे ते मोजून बघा. सातव्या वेतन आयोगानंतर १ जानेवारी २०१६ पासून किमान पेन्शन ९,००० रुपये आहे. योजना लागू झाली त्या डिसेंबर २०१८ मध्ये महागाई भत्ता ९ टक्के होता, म्हणजे किमान पेन्शन भत्त्यासह ९,८१०. दुसऱ्याच महिन्यापासून, १ जानेवारी २०१९ पासून, भत्ता १२ टक्के झाला. किमान पेन्शन १०,०८० झाली. ऐंशी रुपयांनी सगळ्यात तळातला पेन्शनर रेघेच्या पलीकडे गेला! पुढे १ जुलै २०२५ पासून भत्ता ५८ टक्के झाला तेव्हा तोच आकडा १४,२२० वर पोचला. वन रँक वन पेन्शनमुळे शिपायाची खरी पेन्शन याहून वरच असते. भत्ता महागाईबरोबर वाढत गेला आणि रेघ जिथे होती तिथेच राहिली. तेव्हा दहा हजारांच्या अटीने श्रीमंत पेन्शनर बाजूला काढले असे म्हणता येत नाही. फौजेच्या बाबतीत तिने सगळ्यांनाच बाजूला काढले.

राज्य सरकारने २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधी म्हणून तेवढेच ६,००० रुपये वर जोडले. ते पीएम-किसानच्याच लाभार्थ्यांना मिळतात. तेव्हा एक गेले की दुसरेही गेले, वर्षाचे बारा हजार. ही रक्कम केवढी, तर डीएपीची आठ पोती आणि वर युरियाची चार. तीस गुंठेवाल्याचा सगळ्या उसाचा डोस त्यात निघतो. 'एवढ्यासाठी काय रडायचे' असे म्हणणाऱ्याने एकदा खतदुकानाच्या उधारीची वही बघावी.

बाकीच्या योजनांचेही थोडक्यात सांगतो. तिरंगी शिधापत्रिका आपल्या राज्यात १९९९ साली आल्या. केशरी कार्डाला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा एक लाख. किमान पेन्शन नऊ हजार, गुणिले बारा, एक लाख आठ हजार. म्हणजे भत्ता न धरता, उसाचे एक टिपूर न धरतासुद्धा मेजरांचे कार्ड पांढरे. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत अडीच लाखांची अट आहे, पण कुटुंबात कोणी सरकारी नोकरीनंतरचे निवृत्तिवेतन घेत असेल तर बाई अपात्र, असेही कलम त्यात आहे. पेन्शन कशाबद्दलची, हा प्रश्न तिथेही नाही. संजय गांधी निराधार योजनेत अपंगासाठी वार्षिक पन्नास हजारांची आणि श्रावणबाळ योजनेत एकवीस हजारांची मर्यादा आहे. या दोन्हींविषयी मात्र मी पेन्शनला फारसा दोष देणार नाही. एकवीस हजारांची मर्यादा इतकी जुनी आणि इतकी खाली आहे, की अर्धा एकर ऊस कारखान्याला घालणाऱ्याचे बिलसुद्धा ती ओलांडते. तो वेगळा लेख होईल. इतकेच सांगतो, की म्हाताऱ्या आईचा अर्ज 'मुलगा पेन्शनर' या शेऱ्याने परत आल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत, आणि शेरा लिहिणाऱ्याला मुलाला पाय किती आहेत हे ठाऊक नव्हते.

आता दुसरी बाजू. ती मला आपल्याच सभासदांनी ऐकवली आणि ती टाकाऊ नाही. एका बैठकीत एक सभासद म्हणाले, "मेजरला म्हयन्याच्या म्हयन्याला पैसा येतोय. आमचं बिल कवा येतंय ते तुमीच सांगा. आडसालीला सोळा-अठरा म्हयनं राबायचं, मग आमाला मिळू द्या की सहा हजार, त्यास्नी कशाला?" खरे आहे. दरमहा येणारा ठरलेला पैसा ही शेतकऱ्याच्या घरात मोठी गोष्ट आहे. शिवाय फौजेच्या दवाखान्याची सोय आहे, कँटीन आहे. आणि सगळेच माजी सैनिक गरीब नसतात. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पंधरा-वीस एकर बागायत असलेलेही आहेत. त्यांना गरिबाच्या योजनेत बसवा असे मी म्हणत नाही. उत्पन्नाची अट असलीच पाहिजे, नाहीतर योजनेचे पैसे ज्याच्या पोटी पोचायचे त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत.

माझे म्हणणे फक्त मोजणीविषयी आहे. उत्पन्न मोजताना कमाई मोजावी, नुकसानभरपाई मोजू नये. शेतातून हायटेन्शनची लाइन गेली आणि मनोऱ्याखालच्या जमिनीचा मोबदला मिळाला तर आपण त्याला त्या वर्षीचे पीक म्हणत नाही. जमीन गेली, तिचे पैसे आले. अपंगत्व घटकाचे तसेच आहे. पाय गेला, त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. आणि त्या पैशाला खर्चही तसाच चिकटलेला असतो. कृत्रिम पाय झिजतो. बारी धरायला रात्री स्वतः जाता येत नाही, गडी लावावा लागतो. भांगलण, बांधणी, पाचट पसरणे, जे काम दुसरा शेतकरी घरच्या अंगमेहनतीने उरकतो ते याला मजुरीने करून घ्यावे लागते. तीस गुंठ्यांत दोन पाय असलेल्याचा आणि एक पाय असलेल्याचा उत्पादन खर्च सारखा येत नाही, हे सांगायला शेतीखात्याचा माणूस लागत नाही.

बोर्ड आउट झालेल्याच्या बाबतीत तर मी पुढे जाऊन म्हणेन, की सेवा घटकही वेगळा धरू नये. तो माणूस नोकरी सोडून आला नाही, नोकरीने त्याला सोडले. आणखी नोकरी झाली असती तर त्याला बढती, पगारवाढ आणि पूर्ण पेन्शन मिळाली असती. दुखापतीने तेही गेले. आयकर खात्याने दोन्ही घटक करमुक्त धरले त्यामागे हाच न्याय असावा. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याचा सेवा घटक मात्र खुशाल मोजा, ती चाकरीची कमाई आहे. त्याचा अपंगत्व घटक तेवढा वगळा. (२१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेबाहेर पडणाऱ्यांसाठी नियम बदलले आहेत आणि मुदत पुरी करणाऱ्याच्या या घटकाला 'इम्पेअरमेंट रिलीफ' असे नाव दिले आहे. नाव काहीही असो, पैसा जखमेचाच आहे.)

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण आपल्याच राज्याने हे दोनदा केले आहे. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दरमहा १५,००० रुपयांपेक्षा जास्त पेन्शन असणाऱ्याला कर्जमाफी नव्हती, पण कंसात 'माजी सैनिक वगळून' असे दोन-तीन शब्द होते. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत मर्यादा २५,००० झाली आणि तेच शब्द पुन्हा आले. त्याच शासन निर्णयात सहकारी साखर कारखान्यांचे पंचवीस हजारांवर पगार घेणारे अधिकारीही बाद होते. म्हणजे आमच्यासारखे सगळे बाहेर बसले आणि ते योग्यच होते. त्या दोन-तीन शब्दांनी आपल्या कितीतरी मेजरांची सोसायटी मोकळी झाली. माझी तक्रार एवढीच, की तो कंस फार सरसकट होता. त्यात धडधाकट आणि मोठ्या पेन्शनचा माणूसही बसला. अपंगत्वाचा घटक वगळा आणि बाकीचे मोजा, असे म्हटले असते तर कोणालाच बोट दाखवायला जागा राहिली नसती. २०२० पासून माजी सैनिकाच्या घराची घरपट्टी राज्याने माफ केली, तिला उत्पन्नाची अट नाही. मान म्हणून दिलेली सवलत अशीच असावी. पण मान वेगळा आणि उत्पन्नाचा हिशेब वेगळा. हिशेबात निदान हिशेब तरी बरोबर करावा.

हा घोळ आपल्याच देशात आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट नावाची गरजूंसाठीची मदत आहे. ती ठरवताना युद्धातल्या अपंगत्वाची पेन्शन पूर्ण सोडून देतात. पण म्हाताऱ्यांसाठीच्या पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला फक्त पहिले दहा पौंड सोडतात आणि बाकीचे मोजतात. म्हणजे तोच माणूस म्हातारा झाला की त्याची जखम उत्पन्न होते! अमेरिकेत माजी सैनिकाच्या अपंगत्व भरपाईवर आयकर नाही, पण धान्याची मदत ठरवताना ती उत्पन्नात धरतात. तिथे तर बेघर माजी सैनिकांना घरभाड्याची मदत देणाऱ्या योजनेतून सगळ्यात जास्त जायबंदी झालेलेच बाहेर पडत होते, कारण अपंगत्व जितके मोठे तितकी भरपाई मोठी आणि उत्पन्नही मोठे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या गृहनिर्माण खात्याने त्या योजनेच्या पात्रतेसाठी ही भरपाई मोजायची नाही असे ठरवले. उलटी मोजणी लक्षात आली आणि दुरुस्त केली. आपल्यालाही ते जमावे.

आपल्याकडे पुढच्या काळात आणखी एक पेच येणार आहे. २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत पेन्शन नाही. सेवेत अपंगत्व आल्यास ५०, ७५ आणि १०० टक्क्यांसाठी अनुक्रमे १५, २५ आणि ४४ लाखांची एकरकमी मदत ठरली आहे. दरमहा पेन्शनच नसल्यामुळे दहा हजारांची अट त्याला आडवी येणार नाही. उद्या एकाच आळीत दोघे जण, दोघांचाही पाय गेलेला, एकाला हप्त्याने पैसे म्हणून पीएम-किसान नाही आणि दुसऱ्याला एकरकमी पैसे म्हणून पीएम-किसान आहे, असे चित्र दिसेल. कोणाला किती मिळाले हा वाद मला इथे घालायचा नाही. पण भरपाई कशी दिली यावर गरिबी ठरू लागली तर मोजमापच चुकीचे म्हणावे लागेल.

तेव्हा मागणी काय करावी? नुसते 'अपंगत्व घटक वगळा' म्हणून भागणार नाही, हे वरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. १९,५०० मधून ४,५०० गेले तरी १५,००० उरतात आणि रेघ दहा हजारांवरच आहे. म्हणून तिन्ही गोष्टी एकदम मागाव्या लागतील. बोर्ड आउट झालेल्याची पेन्शन आयकर खात्याप्रमाणे पूर्ण वगळावी. मुदत पुरी केलेल्याचा अपंगत्व घटक वगळावा. आणि पेन्शनची मर्यादा महागाई भत्त्याबरोबर दरवर्षी वर सरकावी. मर्यादा भत्त्याला बांधली तर त्याचा फायदा एसटीतून, शाळेतून निवृत्त झालेल्या लहान पेन्शनर सभासदांनाही मिळेल, तेव्हा ही मागणी एकट्या मेजरांची राहत नाही. पीएम-किसान केंद्राची योजना आहे, तिथे खासदारांमार्फत जावे लागेल. लाडकी बहीण आणि शिधापत्रिका या राज्याच्या हातातल्या गोष्टी आहेत.

नियम बदलेपर्यंत काय करायचे, तेही सांगतो. पेन्शन लपवू नका. आधार जोडलेले आहे, आज ना उद्या सापडते आणि मग मिळालेले पैसे एकदम परत करायची वेळ येते. नोटीस आलीच तर घाबरून लगेच पैसे भरू नका. कोणत्या कलमाखाली अपात्र ठरवले ते लेखी मागा, मग भरा. आपली पेन्शन आता 'स्पर्श'वरून येते. तिथून किंवा जुन्या पीपीओवरून सेवा घटक आणि अपंगत्व घटक यांचे वेगळे आकडे काढून ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाताना दोन्ही आकडे वेगळे लिहून द्या, एकत्र सांगू नका. आज ते एकत्रच धरले जातील, पण दप्तरात वेगळे नोंदले गेलेले असले तर उद्या उपयोगी पडतात. मुलगा सज्ञान असेल आणि त्याच्या स्वतःच्या नावावर जमीन असेल तर पीएम-किसानमध्ये त्याचे कुटुंब वेगळे धरतात. वडिलांच्या पेन्शनमुळे तो बाद होत नाही. हे ठाऊक नसल्याने अर्जच न केलेली पोरे मला भेटली आहेत. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे.

वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे याबाबत ठराव ठेवावा अशी विनंती मी मा. चेअरमनसाहेब व संचालक मंडळाला लेखी केली आहे. ठरावाचा मसुदा सर्व गट ऑफिसांत वाचायला ठेवला आहे. ज्या सभासदांना अपंगत्व पेन्शन मिळते आणि त्या कारणाने एखादी योजना बंद झाली किंवा अर्ज नाकारला गेला, त्यांनी पीपीओची झेरॉक्स आणि नोटिशीची किंवा नकाराची प्रत गट ऑफिसात चिटबॉयकडे द्यावी. नाव कुठे छापले जाणार नाही. कागद सभेच्या सूचनेआधी मिळावेत, म्हणजे ठरावासोबत नेमका आकडा जोडता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते